पासष्टावी मात्रा

शाळेच्या वाद्यवृंदात मी ट्रँगल वाजवायचे. ट्रँगल म्हणजे दोरीला टांगलेली, त्रिकोणात वाकवलेली सळई. तिच्यावर दुसऱ्या सळईने मारलं की टण् वाजतं. आमच्या वार्षिक कार्यक्रमाच्या धूनमध्ये हे टण् एकदाच होतं. शेवटी बाकीची वाद्यं गप्प व्हायची, एकटा ड्रम हळू चालत राहायचा, आणि त्याच्या चौसष्ट मात्रा झाल्या की पासष्टावीवर मी. बस्स. एवढ्या कामगिरीवर नववीत मी जो तोरा मिरवला, तो पियानोवालीलासुद्धा जमला नाही.

तालीम तिसऱ्या तासाला असायची आणि तिसरा तास गणिताचा. संगीताच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की, तू फक्त शुक्रवारी आलीस तरी चालेल, बाकीचे दिवस वर्गात बस. माझ्यासारख्या कलावंताला असल्या सवलती नको होत्या. मी रोज हॉलमध्ये जाऊन बसले आणि तासभर खिडकीबाहेर बघत कलेची सेवा केली.

आई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून शर्टांच्या घड्या घालायची. तिला मी सांगून ठेवलं होतं की अख्खी धून माझ्यावर उभी आहे आणि बोटं जपावी लागतात. तेव्हापासून माझ्या वाटणीची भांडी ती घासायला लागली. मी पलंगावर लोळत बोटं जपायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

वार्षिक परीक्षेला दीड महिना उरला तेव्हा गणिताच्या बाईंनी हजेरीपट काढला. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. इथून पुढे एकही तास बुडवला नाही तरच माझी हजेरी कशीबशी भरत होती. बाईंनी मला संगीताच्या सरांसमोरच उभं केलं. सर गोंधळून म्हणाले, हिला तर मी फक्त शुक्रवारी बोलावलं होतं, रोज येते ती हौसेने असं वाटलं. पितळ इतकं स्वच्छ उघडं पडलं की सारवासारव करायलाही जागा उरली नाही. तरी मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं की शुक्रवारची तालीमही सुटली तर कार्यक्रम कोसळेल.

बाई सरळ स्वभावाच्या होत्या, त्यांना ते खरंच वाटलं. हॉल आमच्या वर्गाच्या भिंतीपलीकडेच होता. त्यांनी तोड काढली. मी वर्गातच बसायचं. तासाच्या शेवटी सर धूनमधला तो शेवटचा भाग घेतील, ड्रम खिडकीतून ऐकू येतो, मी तिथूनच मोजायचं आणि वाजवायचं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण मी आजवर एकदाही मोजलं नव्हतं. शेजारी बसणारी ड्रमवाली ताई दर वेळी वेळ झाली की मला कोपर मारायची, आणि मी वाजवायचे. आता मधे भिंत होती आणि ताईचं कोपर काही एवढं लांब नव्हतं.

ड्रम सुरू झाला. चाळीस जण माझ्याकडे बघत होते. विसापर्यंत नीट गेले, मग तिसाच्या आसपास चुकले, परत मागे आले, आणि शेवटी घाबरून टण् करून टाकलं. पलीकडे ड्रम आपला चालूच होता. खिडकीत सरांचं डोकं उगवलं. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

बाई हसल्या नाहीत. फळ्याजवळून माझ्या बाकापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं तू फक्त माझ्याच तासाला गैरहजर होतीस."

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. आधी बोटांवर, मग मनात. दुसरा उद्योगच नसल्यामुळे फळ्यावरची समीकरणंही उतरवायला लागले. सगळी कळली असं म्हणवत नाही, पण काही काही कळली. एकही तास बुडवला नाही आणि हजेरी कशीबशी भरली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आई अर्ध्या दिवसाची सुटी टाकून आली होती. तिसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर. मी खुर्ची ताईच्या कोपरापासून हातभर लांब ओढली. बाकीची वाद्यं थांबली. त्रेसष्ट, चौसष्ट. टण्.

टाळ्या पडल्या, अर्थात माझ्यासाठी नाही.

घरी जाताना आईने पिशवी काखेला मारली. मग म्हणाली, "शेवटचं ते एकदाच वाजलं, तेच तुझं?"

"हो."

"अख्खी धून तुझ्यावर उभी होती म्हणालीस."

"खोटं बोलले."

ती चालत राहिली. मला वाटलं, आता रस्त्यातच कान उपटणार, आणि तो उपटायलाच हवा होता.

"पण वेळेवर वाजलं ना?"

"अगदी वेळेवर. मी मोजलं होतं."

"मीपण मोजत होते," आई म्हणाली. "तू आता वाजवशील, मग वाजवशील म्हणून. सगळा वेळ तुझ्या हातांकडेच बघत बसले."

मला एकदम रडू आलं. या खेपेला ते आणावं लागलं नाही.

घरी आल्यावर मी न सांगता भांड्यांपाशी गेले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. आईने बाह्या वर सारल्या होत्या, त्या तिने खाली केल्या आणि खुर्चीत पाय पसरून बसली.

"सावकाश घास," ती म्हणाली, "बोटं जप."