पिवळी रेघ

चिमटीत बिस्किटाचा तुकडा धरून ती उंबऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिने पिल्लासमोर धरला.

"थांब."

पिल्लू थांबलं. नाक पिवळ्या रेघेच्या जरासं अलीकडे, शेपूट जमिनीवर फटफट. रेघ तिनेच मारली होती, एका कपाटाच्या कामातून उरलेल्या रंगाने, सुतारखान्याच्या दाराच्या आत हातभर अंतरावर. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि पुढे थेट रस्ता.

"शाबास, गिरमिट."

नाव बाबांनी ठेवलेलं. लाकडात भोक पाडणाऱ्या हत्यारासारखं हे कार्टं आल्या दिवसापासून दिसेल त्यात नाक खुपसत होतं.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं," रंधा न थांबवता बाबा म्हणाले. "साखळी लाव आणि मोकळी हो."

"शेपूट राहू दे वाकडं. पाय थांबले म्हणजे झालं."

"आणि नाही थांबले तर?"

"एकदा जरी रस्त्यावर गेला, तर मीच लावीन साखळी."

साखळी खिळ्याला टांगलेली होती. पिल्लू सापडलं तेव्हा त्याच्या मानेत दोरी रुतली होती. त्या वळावर अजून केस आलेले नव्हते. मलम लावताना तिची बोटं तिथे आली की ते श्वास रोखून धरायचं. म्हणून ती हट्टाला पेटली होती. पॉलिशच्या कामाला हात लावण्याआधी रोज रेघ आणि बिस्किट. तिने बाहेर चेंडू टाकून पाहिला, गिऱ्हाइकांना हाका मारायला लावल्या. गिरमिट रेघेपर्यंत धावायचा आणि कचकन बसायचा.

त्या सकाळी बाबा दारांच्या फळ्या कापायला बसले आणि ती पॉलिशचा डबा आणायला गेली.

परतताना ती समोरच्या फुटपाथवर आली आणि जागीच थबकली. भर रस्त्याच्या मधोमध गिरमिट बसला होता. रस्त्याचा मधला पट्टा आदल्या दिवशीच नव्याने रंगवला होता, पिवळाधमक. त्या पट्ट्याच्या जरासं अलीकडे नाक, पाठ ताठ. तिला पाहताच शेपूट हललं. तो बिस्किटाची वाट पाहत होता.

"ये" हा शब्द तिने ओठांवरच गिळला. त्या शब्दासरशी तो थेट येणाऱ्या बसच्या चाकाखाली आला असता. डबा खाली ठेवून तिने तळवा वर धरला.

"थांब."

मधून बस गेली. बस सरली तरी गिरमिट तिथेच होता.

पलीकडून बाबा धावत उतरले. अनवाणी, केसांत भुसा. अंगावर येणाऱ्या टेंपोसमोर त्यांनी हात आडवा धरला, तळवा पुढे.

"थांब! थांब म्हणतो ना!"

ब्रेक करकरले.

"काका, जीव नकोसा झालाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"पिल्लू उचलतोय. तेवढ्याने तुझा लग्नाचा मुहूर्त टळत नाही."

आत आल्यावर गिरमिटला खाली सोडून बाबा बाकावर बसले.  ती सरळ खिळ्यापाशी गेली आणि तिने साखळी काढली. शब्द तिचाच होता.

"कसा गेला पण?" बाबांनी विचारलं. "कितीही हाका मारल्या तरी रेघ ओलांडत नाही तो."

तिने खाली पाहिलं. रेघ नव्हतीच. दारापर्यंत नुसता भुसा, घोट्याएवढा. तिने पायाने तो सारला. पिवळी पट्टी उघडी पडली, तसा गिरमिट धावत आला आणि पट्टीच्या अलीकडे बसला.

"त्याला रेघ सापडली नाही, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "सापडेपर्यंत चालत गेला."

बाबा भुशाकडे पाहत राहिले. मग उठले, तिच्या हातातली साखळी घेऊन त्यांनी खिळ्याला अडकवली आणि टेप काढून दाराचं माप घेऊ लागले.

"अर्धं दार बसवतो. कमरेइतकं."

"बसवा. पण दार कधीतरी उघडं राहतं." तिने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि रेघेवर घासायला सुरुवात केली.

"आता ती का पुसतेस?"

"मी त्याला रेघ शिकवली. रस्ता शिकवायचा राहिला."

संध्याकाळपर्यंत दाराची चौकट उभी राहिली. रेघेच्या जागी फिकट डाग उरला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला की तोही जाणार होता. बाबांनी बिस्किटाचा डबा उघडला. कोणी गिऱ्हाईक बघत नाही ना, ते पाहून घेतलं. मग रस्त्याकडे पाठ करून उंबऱ्याशी उभे राहिले, घसा खाकरला आणि तळवा पुढे धरला.

"थांब."

गिरमिटने नाकाने जमीन हुंगली, इकडे, तिकडे. मान वर करून तळव्याकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"परत एकदा," ती म्हणाली.

बाबांनी बिस्किट मुठीत मिटलं आणि पुन्हा तळवा धरला.