सुईपुढचं गाऱ्हाणं

गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या ताटात मासा वाढू नका.

करोनाचं पहिलं वर्ष होतं. आम्ही दहिसरला चाळीत, माझा नातू निलेश गोरेगावला. त्याला मुलगी झाली आणि मी झाले पणजी! पण पणतीला बघायचं कुठे, तर फोनच्या काचेत. त्या काचेच्या मी इतक्या पाप्या घेतल्या की फोनला पडसं झालं.

निलेशला रोज सांगायची, "आण रे तिला. मला करोना होऊन गेलाय."

"कधी गं आजी?"

"चैत्रात! बोंबील भाजायला ठेवले ते जळून कोळसा झाले. अख्खी चाळ नाक दाबून खाली पळाली, चेक नाक्यावरच्या पोलिसांनी गाड्या सोडून नाकं धरली, आणि मी तव्यासमोर बसून विचारतेय, काय झालं? मला वासच नाही!"

"तू काय वाट्टेल ते सांगशील. रक्त तपास. अँटीबॉडी निघाल्या ना, त्याच दिवशी बाळाला घेऊन येतो."

अँटीबॉडी म्हणजे काय, तर तो मेला अंगात येऊन गेल्याची रक्तात राहिलेली खूण.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चाळीमागच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं! घरटी एक माणूस. सून चप्पल घालेपर्यंत मी रांगेत उभी होते, नवं लुगडं नेसून. माझ्यामागे शेजारची कमल. चाळीस वर्षं आमची भिंतीला भिंत. तिच्या घरी बुद्धाची मूर्ती, माझ्या घरी गावचा वेतोबा. देवापुढे हात जोड म्हटलं की म्हणते, "माझे हात पिठाचे आहेत."

"शेवंते," ती मास्कमधून खिदळली, "सगळं जग म्हणतंय करोना नको. तू एकटी लग्नाला आल्यासारखी नटून आलीस!"

"माझ्या पणतीसाठी आलेय गं. तू कशाला आलीस?"

"तू चक्कर येऊन पडलीस तर बघायला."

नंबर लागला. आत पांढऱ्या झग्यातली एक पोरगी, डोळे सोडले तर काही दिसत नव्हतं. माझ्या दंडाला पट्टा बांधून म्हणाली, "आज्जी, मूठ आवळा."

आवळली. शीर नाही. दुसरा हात. तिथेही नाही. मेल्या सगळ्या घाबरून लपल्या होत्या!

"आज्जी, राहू दे. सुनेला पाठवा घरून."

वाट लागली! सुनेच्या रक्तावर माझी पणती कशी येईल? मग आम्ही कोकणातली माणसं अडलो की काय करतो? गाऱ्हाणं घालतो. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मी खुर्चीतच उठून उभी राहिले, दंडाला पट्टा तसाच.

"बा देवा वेतोबा म्हाराजा! ही तुझी म्हातारी आज सुईफुडे उभी रवलीहा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या रांगेने आवाज दिला. गुजराती होते, भय्ये होते, सगळ्यांनी!

"जो करोना माझ्या अंगात येवन गेलो, त्येची खूण रगतात गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या पोरीक आधी माझी शीर गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्रे थरथरले, कबुतरं उडाली, आणि शीर ताज्या बांगड्यासारखी टणकन वर आली! पोरगी हसता हसता सुई टोचती झाली. रक्त असं उसळलं की नळीचं बूच तिच्या हातातून उडालं.

रिपोर्टसाठी फोन नंबर मी निलेशचाच दिला होता. काही दिवसांनी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा हा एवढा लांब. कमल दारात उभी, हातातलं लाटणं तसंच.

"आजी..."

"बोल ना रे मेल्या!"

"निघाल्या! भरपूर निघाल्या! तुझे बोंबील खरे होते गं!"

मी गॅलरीत अशी फुगडी घातली की खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर चुना पडला.

आणि संध्याकाळी बाळ आलं. पणतवंडाचं तोंड बघितलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची असतात आमच्यात. बाजार बंद, सोनं कुठलं! तर कमलने चहाच्या पुड्यातला सोनेरी कागद कापून ओंजळभर फुलं आणलेली. दारातूनच उधळली माझ्यावर. मांडीवरच्या माझ्या बयोने एक फूल मुठीत पकडलं ते सोडेच ना. मी तिच्या टाळूचा वास घेतला. मास्कमधूनही आला हो, दूध आणि वेखंडाचा!

झकास! आता वाढा मासा.

बरं, असं बघू नका. एक गोष्ट घातली मी पदरची. अख्खी रांग काही बोलली नव्हती. सगळे वेड्यासारखे माझ्याकडे बघत होते. व्हय म्हाराजा म्हणाली ती एकटी कमल. तिन्ही वेळा. पिठाचे हात जोडून.