टाकी अर्धी झाली की

आमचं जेट दाताच्या खुर्चीत झोपायचं. सासऱ्यांनी दवाखाना बंद केला तेव्हा कपाटं गेली, यंत्रं गेली, खुर्चीला मात्र बरेच दिवस गिऱ्हाईक मिळेना, आणि मिळालं तेव्हा सासऱ्यांचाच जीव तिच्यातून निघेना. घराच्या पुढच्या खोलीत ती तशीच राहिली. तिची पाठ आडवी करून, वर जुना टॉवेल अंथरून त्यांनी विमानाचं धड तिच्यावर ठेवलं होतं. फायबरग्लासचं, पांढरं, जवळजवळ माणसाच्या उंचीचं. डोक्यावर दात तपासायचा दिवा. इंजिनावरचं झाकण उघडताना ते न चुकता म्हणायचे, "आ करा." पहिल्या खेपेला मी मनापासून हसलो होतो. नंतर जावई म्हणून हसायचो. आता नुसताच स्क्रू-ड्रायव्हर पुढे करायचो.

हे खूळ माझ्या बायकोच्या डोक्यातलं. तिला घरात सगळे मॅनेजर म्हणायचे, कारण ती होतीच. सासरे दातांचे डॉक्टर, मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा, आणि दोघांनाही आपापल्या हातांचा नको तितका गर्व. त्यामुळे मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की ताटं वाढून होईपर्यंत आमची कशावरून तरी जुंपलेली असायची. गळका नळ, गाडीचं टायर, काहीही चालायचं. एका रविवारी मॅनेजरने भलामोठा खोका आणून त्या खोलीत आदळला. रिमोटवर उडणारं विमान, आणि तेही पंख्याचं नाही. खऱ्या जेटसारखं रॉकेल जाळणारं चिमुकलं टर्बाइन होतं त्यात. "बाबा बांधतील, हा उडवेल," ती म्हणाली. "भांडायचं ते यावर भांडा. जेवताना तोंड फक्त घासासाठी उघडायचं."

नंतर ती आजारी पडली आणि गेली. याहून लांब वाक्य मला जमत नाही. माझ्याकडून ते काढून घ्यायचा बऱ्याच जणांनी प्रयत्न केला. "रडून घे रे, मोकळं वाटेल," माझी ताई म्हणायची. रडायला माझी काही हरकत नव्हती, येतच नव्हतं. दात काढायच्या आधी भूल देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी शेजारच्याला काढल्यासारखा लागतो. मला तसं सगळीकडे झालं होतं. दुकानात जायचो, भिंगं घासायचो, गिऱ्हाइकाला विचारायचो, आता खालची ओळ दिसते का. त्याला दिसायची.

पाहुणे पांगल्यावर सासरे मला खुर्चीपाशी घेऊन गेले. धडाला तेव्हा पंखही लागले नव्हते.

"हे पुरं करू," ते म्हणाले. "तिने आणलेलं आहे, अर्धवट नको ठेवायला. उडालं की तू मोकळा. आमच्यासाठी म्हणून येत बसू नकोस. तुझं वय आहे अजून."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

मग दर रविवारी जात राहिलो. सासूबाई चहा आणून ठेवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. आम्ही पंख बसवले, चाकं आत-बाहेर होतात का पाहिलं. पंखांखाली बोटं लावून विमान उचलायचं आणि नाक किंचित खाली झुकेल इतपत शिसं नाकात भरायचं, असं वजन जुळवत बसलो. शेपटीच्या हलत्या पट्ट्या किती मिलिमीटर वर जाव्यात यावर पूर्वी आम्ही दोन महिने अबोला धरला असता. आता ते म्हणाले "सात," मी म्हणालो "सात," आणि सात ठेवले. इतका समजूतदारपणा पाहून मॅनेजरने डॉक्टर बोलावला असता.

उडवायचं मैदान गावाबाहेर होतं. तिथल्या देखरेखीच्या माणसाला सगळे शिट्टी म्हणत, कारण शिट्टी त्याच्या गळ्यात असायची आणि तोंडातही. त्याचा नियम साधा होता: जेट आधी जमिनीवर बांधून ठेवायचं, पूर्ण टाकी जाळून दाखवायची, मध्ये इंजिन विझलं तर घरी जायचं. आमचं विझायचं. थर्मासएवढं ते इंजिन आधी बारीक शीळ घालायचं, मग दाताच्या ड्रिलसारखं किंचाळायचं, मग कानावर हात ठेवावे लागायचे, आणि टाकी अर्धी होईपर्यंत गुणी बाळासारखं चालायचं. टाकी अर्धी झाली की इंधनाच्या पारदर्शक नळीत एक बुडबुडा दिसायचा, त्यामागे दुसरा, मग त्यांची रांग लागायची आणि आवाज एकदम बसायचा. टर्बाइनच्या पोटात इंधनाऐवजी हवा गेली की ज्योत जाते. जमिनीवर गेली तर फजिती, वर गेली तर विमानाचा दगड होतो.

"घरी!" शिट्टी हातानेच दाखवायचा.

"पुढच्या रविवारी बघू," सासरे म्हणायचे.

आम्ही सांधे बदलले. पंप बदलला. हवा अडवायची छोटी टाकी असते, ती बदलली. मोठ्या टाकीतली नळी तर सासऱ्यांनी किती वेळा बदलली कोण जाणे, ते काम ते स्वतःच करायचे, आदल्या दिवशी, माझी वाट न बघता. तरी टाकी अर्धी झाली की बुडबुडे हजर. वैताग यायला हवा होता. मला तोही येत नव्हता. ताईचा फोन यायचा, "अरे, किती दिवस जाणार आहेस त्या घरी? उडव ते खेळणं आणि मोकळा हो. एक स्थळ आलंय, नुसतं बघायला काय जातं तुझं?" मी तिलाही हो म्हणायचो.

एका रविवारी मी जरा लवकर पोचलो. सासरे आंघोळीला गेले होते आणि टाकी टेबलावर सुटी पडली होती. सहज म्हणून मी आतली नळी बाहेर काढली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. दुकानात दिवसभर तेच करतो, हात आपोआप जातो. नळीच्या वरच्या बाजूला, जिथे टाकी अर्धी रिकामी झाल्यावरच हवा लागेल अशा जागी, एक भोक होतं. झिजून पडलेलं भोक फाटकं असतं, त्याला कडा असतात. हे गोल होतं. कीड शोधायला दात टोचतात त्या प्रोबच्या टोकाएवढं. प्रोब शेजारच्याच ट्रेमध्ये होता, स्वच्छ पुसून ठेवलेला.

कचऱ्याच्या डब्यात जुन्या नळ्या होत्या. त्याही पाहिल्या. सगळ्यांना तसंच भोक, त्याच जागी. हात चांगला होता म्हाताऱ्याचा.

मी नळी होती तशी आत घातली. सासरे आले, म्हणाले, "आ करा," मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. मैदानावर टाकी अर्धी झाली, बुडबुडे आले, शिट्टी वाजली.

घरी येताना मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते हे. डोकं नुसतं भणाणलं. मला खेळवत होता हा माणूस! मी आपला दर रविवारी, ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका, गाडी काढून जातोय, आणि हे आदल्या दिवशी प्रोब घेऊन बसतायत. तोंडाने म्हणायचं तू मोकळा, आणि हाताने भोकं पाडायची. बरं, दोन शब्द बोलले असते तर काय जिभेला फोड येणार होते? ठरवलं, आता उडवायचंच. एकदाचं उडवायचं आणि सुटायचं.

पुढच्या खेपेला टाकीत इंधन भरून बघतो असं सांगून मी टाकी घरी नेली आणि आतली नळी काढून पितळी नळी बसवली. खाली, टाकीच्या तळाशी लोळणारा बोटभर तुकडा तेवढा मऊ ठेवला, कारण तो इंधनात बुडलेलाच राहतो. पितळेला प्रोब काय करणार? रविवारी सकाळी टाकी थेट बसवूनच टाकली. सासरे बघत होते.

निघताना सासूबाई डबा घेऊन गाडीपाशी आल्या. दर रविवारी आम्हा दोघांचा डबा त्याच द्यायच्या.

"आज उडणार का हो?" त्यांनी विचारलं.

"बघू."

"नाही, म्हणजे उडालं तर..." त्या डब्याचं झाकण उगीच दाबत राहिल्या. "पुढच्या रविवारी डबा करायचा की नाही, ते सांगून ठेवा. सवयीने करून बसते मी."

मी "बघू" म्हणालो आणि गाडी सुरू केली. राग अजून उतरला नव्हता.

मैदानावर विमान खुंटीला बांधलं, इंजिन चालू केलं. सासरे गुडघ्यावर बसून बाहेरच्या पारदर्शक नळीकडे बघत होते. टाकी उतरत गेली. "अर्धी झाली," ते ओरडले, आवाजात ऐकू जावं म्हणून. नळीत इंधन काचेसारखं स्वच्छ वाहत होतं. ते आणखी खाली वाकले. पाव टाकी राहिली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. त्यांना कळलं होतं. मला कळलंय हेही कळलं होतं. शेवटच्या थेंबापर्यंत इंजिन ओरडत राहिलं. शिट्टीने येऊन माझ्या पाठीवर थाप मारली, "आता बोला!"

आम्ही टाकी भरली. मी रिमोट गळ्यात अडकवला, सासरे माझ्या मागे खांद्याशी उभे राहिले. वारा, आजूबाजूची विमानं, उतरायची वेळ हे सांगायला मागे एक जण लागतोच. रिमोटवरची काठी पुढे केली. टर्बाइन लगेच ऐकत नाही, जरा विचार करतं, मग एकदम जोर लावतं. विमान पळालं, नाक उचललं, आणि गेलं.

काय उडालं! उगीच नाही सांगत. एकदा सरळ केलं की सुतासारखं सरळ, बोट लावायची गरज नाही. वळणावर पंख झुकायचे आणि नाक जागचं हलायचं नाही. त्यांनी बांधलेलं होतं ते, नखभर वाकडं नाही. मागून मला आनंदाचा एखादा शब्द अपेक्षित होता. "वारा डावीकडून," ते म्हणाले. नंतर, "मैदान मोकळं आहे." नंतर बराच वेळ काही नाही, आणि मग, "आता उतरव."

उतरवलं. चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. बाजूचे चार-सहा लोक टाळ्या वाजवत होते.

सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला, दवाखान्यातून बरा होऊन निघालेल्या पेशंटचा घेत तसा. "झालं," ते म्हणाले. "छान उडवलंस. तिला आवडलं असतं." आणि हत्यारांची पेटी उघडून खाली बसले. दोघांची हत्यारं त्या पेटीत इतके दिवस एकत्र होती. ती त्यांनी वेगळी करायला सुरुवात केली. माझे बारीक स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून निवडले, फडक्याने पुसले, रुमालात ठेवले. चिमटा कुणाचा ते त्यांना आठवेना. थोडा वेळ तो हातात धरून बसले आणि मग माझ्या रुमालात ठेवला. तो त्यांचा होता.

मला भीती वाटली. रुमालाची गाठ बांधून झाली की संपणार होतं. पुढच्या रविवारी मी घरी बसणार होतो, त्याच्या पुढच्याही. आणि ज्या माणसाला तिचा पहिला दात कधी आला ते ठाऊक होतं, तो माणूस माझा कुणी लागणार नव्हता.

"बाबा," मी म्हणालो, "डावीकडे वळताना नाक खाली जात होतं."

त्यांचे हात थांबले.

"बरंच जातंय," मी म्हणालो. "असं ठेवून चालणार नाही. बघायला लागेल."

"कुठे जातंय?" शिट्टी मध्येच बोलला. "अहो, सुतासारखं चाललं होतं. मी इतकी वर्षं बघतोय—"

"तुम्ही गप्प बसा हो!" सासरे त्याच्यावर असे डाफरले की त्याने शिट्टी पुन्हा तोंडात घातली. "तुम्हाला काय कळतंय? जात होतं नाक. मी स्वतः पाहिलं."

मोतीबिंदू काढायचा राहिलेला माणूस, त्या उंचीवर त्याला विमान तरी दिसलं होतं का देव जाणे. त्यांनी रुमाल सोडला आणि माझी हत्यारं पेटीत परत ओतली.

परतताना विमान मागे आडवं ठेवलं होतं. अर्धा रस्ता गेल्यावर सासऱ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"शेपटी पुन्हा काढावी लागेल," ते म्हणाले. "बरेच दिवस जातील."

"जाऊ देत." मग मी म्हणालो, "बाबा, आता भोकं पाडू नका."

ते समोर रस्त्याकडे बघत होते. "नाही पाडणार," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "मॅनेजरने खरडपट्टी काढली असती आपली. दोघांचीही."

"तुमची जास्त," मी म्हणालो. पुढे आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मी गाडी कडेला घेतली आणि रडलो. खूप वेळ, आवाज करून, लाजबिज काही न वाटता. सासऱ्यांनी मागून डबा घेतला, उघडला, आणि माझं होईपर्यंत मांडीवर धरून बसले.