मागचा उजवा

तिने लहानग्या ठकीला मांडीवर नीट बसवलं, दुपट्याचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि सोफ्यावर सरकून त्याच्यासाठी जागा केली. तो बसला नाही.

"तू इकडे ये. मी त्या टोकाला बसतो."

"का? इथे काय वाईट आहे?"

"तिथून नीट अंदाज येतो, अगं."

ती ठकीसकट परत सरकली. तो तिच्या उजव्या हाताला, सोफ्याच्या अगदी कडेला जाऊन बसला. गेले काही महिने हे असंच चाललं होतं. रस्त्याने चालताना तो वळसा घालून तिच्या उजवीकडे येई. पलंगावरची जागा त्याने बदलून घेतली होती, जेवायच्या टेबलावरची खुर्चीसुद्धा. विचारलं की म्हणे, वारा लागतो. वारा, ऊन, रहदारी. कारण दर वेळी नवं निघे, बाजू मात्र तीच राही.

दुकानाच्या मागच्या अंगाच्या या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड करडं कापड, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, समोर पडद्याखाली पाचवा. बाजूच्या मांडणीवर तीन काळे, चपटे रिसीव्हर ओळीने ठेवले होते. पाच स्पीकर त्यांच्या घरीही येऊन पडले होते. त्याच्या कामावरचा एकजण बदली होऊन गेला, तो जाताना देऊन गेला होता. पण कुठल्या स्पीकरला कुठला आवाज आणि किती, हे वाटून देणारं असं यंत्र असल्याशिवाय ते नुसते लाकडाचे खोके होते. ठकी दोनदा त्यांच्यावर आपटली होती.

"ठकी झाल्यापासून आपण थिएटरचं तोंड पाहिलेलं नाही," तो महिन्यापूर्वी म्हणाला होता. "मग थिएटरच घरी आणू. रिसीव्हर बेताच्या किमतीत मिळतात हल्ली."

तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याबरोबर शंकाही आली होती. चपलेचा अंगठा तुटला तरी तीनदा शिवून घेणारा माणूस.

"हा सातवाला मी तुम्हाला दाखवतच नाही," सेल्समन म्हणाला. पन्नाशीचा, गळ्यात चष्मा लोंबकळणारा, बोलताना यंत्रांवरून फडकं फिरवणारा माणूस. "तुम्ही खोलीचं माप सांगितलंत ना साहेब, त्यात सात स्पीकर लावले तर पिक्चर बघायला शेजाऱ्यांकडे जाऊन बसावं लागेल."

ती हसली. तोही हसला, जरा मागाहून.

"हा मधला घ्या. तुम्ही ठरवलंय त्यात बसतो. सगळं आपलं आपण करतो. हा छोटा माइक मधोमध ठेवायचा, बटण दाबायचं. खोली मोजतो, कुठला स्पीकर लांब, कुठला जवळ, सगळं समजून घेतो आणि आवाज सारखा करून देतो. तुम्हाला कानही लावायला नको."

"आणि हाताने करायचं असेल तर?"

"म्हणजे?"

"एकेका स्पीकरचा आवाज वेगवेगळा. आपल्याला हवा तसा."

"कशाला पण? हा तुमच्यापेक्षा चांगलं मोजतो."

"तरी."

सेल्समनने तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यांच्या हट्टावर बायकांशी नजरानजर करायची सवय असावी त्याला. "आमचे साहेब इंजिनीअर का, वहिनी?"

"पंपघरात आहेत. पाणीपुरवठ्याच्या."

"मग बरोबर. मशीनवाल्या माणसाचा मशीनवर विश्वास नसतो."

विश्वास नसतोच, हे तिला ठाऊक होतं. चौदा वर्षं तो पंपांची दुखणी कानाने ओळखत आला होता. हातभर लांबीची लोखंडी सळई, तिचं एक टोक फिरत्या पंपाच्या बेअरिंगवर आणि दुसरं उजव्या कानाशी. डोळे मिटून तो अर्धा मिनिट उभा राही आणि सांगे, याला आठवडा आहे, त्याला महिना. मोजायची उपकरणं आली तरी साहेबलोक शेवटी त्यालाच बोलावत. कामावर त्याला नावाने कुणी हाक मारत नसे; सगळे कानसेन म्हणत. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मित्रांनी तिला बजावलं होतं, वहिनी, याच्यासमोर कुजबुजू नका, भिंतीपलीकडचं ऐकतो.

आणि गेल्या महिन्यात तीन नंबरचा पंप. काही नाही झालेलं, चालू द्या, असं तो म्हणाला आणि चौथ्या दिवशी पंप जाम होऊन बसला. त्या दिवशी तो पानावरून अर्धवट उठला. त्याच आठवड्यात धुवायला टाकायच्या शर्टाच्या खिशात तिला कागद सापडला. उजवा कान, फेरतपासणी, पुढल्या महिन्याची अठरा तारीख. निकाल समाधानकारक न आल्यास पंपघरातून अन्य विभागात. तिने तो होता तसाच दुमडून खिशात ठेवला आणि शर्ट धुवायचा राहिलाच असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी खिसा रिकामा होता.

तो सांगेल म्हणून ती थांबली. अजून थांबलेलीच होती.

"एकदा फिरवून दाखवतो," सेल्समन म्हणाला. "नुसता हिस्स आवाज आहे, घाबरू नका. पाची स्पीकरमधून पाळीपाळीने येईल. तुम्ही फक्त सांगायचं, कुठून आला."

श्श्श. बाळाला थोपटताना करतात तसाच, फक्त मोठा. ठकीने तोंडातलं दुपटं सोडलं आणि डावीकडे मान वळवली.

"समोर डावा," तो म्हणाला.

"शाब्बास."

श्श्श. ठकीची मान मधे आली. "मधला." मग उजवीकडे. "समोर उजवा." मग एकदम पूर्ण मागे, इतकी की तिला ठकीला धरावं लागलं. "मागचा उजवा."

"कान आहे साहेबांना," सेल्समन म्हणाला.

तो ठकीकडे बघून हसत होता. मघापासून तो ठकीकडेच बघत होता. तिला भरून आलं. कामावरून आल्यावर पोरीला धड दोन मिनिटं न घेणारा हा माणूस आज नजर हलवत नव्हता.

"आता सिनेमात असतो तेवढा आवाज करतो," सेल्समनने बटण फिरवलं.

पहिल्याच आवाजाला ती दचकली. एवढासा जीव, कानाच्या पडद्याला काही झालं म्हणजे? तिने ठकीचं डोकं छातीशी घट्ट दाबून धरलं आणि मोकळ्या कानावर तळवा ठेवला.

श्श्श.

त्याची नजर ठकीवरच होती.

"साहेब?"

"समोर... समोर डावा."

आवाज तिच्या उजव्या खांद्यामागून येत होता. इतका जवळून की मानेवरचे केस हलल्यासारखे वाटले.

सेल्समन चष्मा पुशीत म्हणाला, "होतं असं. मोठ्या आवाजात गोंधळ होतो माणसाचा. परत घेऊ."

तिने ठकीच्या कानावरचा तळवा काढला. ठकी मोकळी झाली, आवाज आला, मान वळली आणि तो म्हणाला, "समोर उजवा." बरोबर. तिने ठकीला पुन्हा छातीशी धरलं. या वेळी आवाजासाठी नव्हे. श्श्श. तो थांबला. त्याची नजर ठकीच्या टाळूवर, तिच्या बोटांवर, परत टाळूवर फिरली. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता. खोलीतला एसी तर तिला झोंबत होता.

"मधला?" त्याने विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

तिने ठकीला सोडलं. "घाबरते रे ती," असं काहीतरी म्हणाली आणि दुपट्याची घडी घालत बसली. घडी दोनदा चुकली.

शेवटी त्याने तिसरा रिसीव्हर घेतला. गेल्या वर्षीचा, दुकानात मांडून ठेवलेला, झाकणावर ओरखडा असलेला. त्याला माइक नव्हता. एकेका स्पीकरचा आवाज हाताने कमीजास्त करावा लागे. मधल्यापेक्षाही स्वस्त.

"लोक हल्ली हा घेत नाहीत," सेल्समन खोकं बांधताना म्हणाला. "कटकट फार. पण तुमचं काय साहेब, तुमचा कानच माइक."

रविवारी दुपारी त्याने तो जोडला. तारा जमिनीला चिकटपट्टीने चिकटवल्या, मागचे दोन स्पीकर कपाटांवर चढवले, टेप घेऊन अंतरं मोजली. कामात तो छान दिसे, अजूनही. ठकी सतरंजीवर पालथी पडून चिकटपट्टीचं रिकामं कडं चावत होती. मग तो रिमोट घेऊन खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसला आणि एकेक स्पीकर लावू लागला. ती दारात भाजी निवडत उभी राहिली. पडद्यावर आकडे होते. डावे दोन्ही शून्यावर. समोर उजवा तीन, पाच, सहा. मागचा उजवा सात, आठ.

खोलीची ती बाजू आता अंगावर येत होती. ठकीने कडं टाकून दिलं आणि ओठ काढले.

"अरे, जरा जास्त होतंय का तिकडून?"

"अं?"

ती दोन पावलं चालून त्याच्या डाव्या बाजूला गेली. "म्हटलं, उजवीकडून जास्त नाही ना होत?"

"छे. कमीच आहे अजून."

नऊ. दहा. दहाच्या पुढे आकडा जात नव्हता. त्याचा अंगठा मात्र बटण दाबतच राहिला, सात-आठ वेळा, सावकाश, लिफ्ट लवकर यावी म्हणून दाबतात तसा. मग त्याने रिमोट मांडीवर ठेवला.

"झालं," तो म्हणाला. "आता सगळीकडून सारखं येतंय. हो ना?"

"हो," ती म्हणाली. "सारखं येतंय."

अठरा तारखेला चार दिवस होते.

"चल, एक गंमत करू. दुकानात केली तशी. तू रिमोट घे, कुठूनही आवाज सोड. मी डोळे मिटतो आणि बोटाने दाखवतो. आण, ठकीला दे माझ्याकडे. रडेल नाहीतर."

तिने ठकी त्याच्या मांडीवर दिली. त्याने तिला पोटाशी टेकवून बसवलं, डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, बोटं मानेपर्यंत पसरून. बघणाऱ्याला वाटावं, बाप लाड करतोय. मग डोळे मिटले.

ती समोर स्टुलावर बसली. मागचा डावा. बोट मागे डावीकडे गेलं. मधला. बोट मधे. समोर उजवा, मागचा उजवा, परत डावा. दर वेळी आधी त्याच्या तळव्याखालचं ते जावळ हलायचं आणि मग बोट. एकही चुकलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तो जुना, लग्नातल्या फोटोतला भाव येत चालला होता.

"सगळे बरोबर?"

"सगळे."

"आणखी सोड."

तिने आणखी सोडले. आठ झाले, दहा झाले. मागच्या उजव्याचा आवाज दहावर होता, पण त्या हिस्सची ठकीला आता सवय झाली असावी. थोपटल्यासारखाच तर तो आवाज. तिचे डोळे जड झाले, खालचा ओठ सुटला आणि मान बापाच्या दंडावर कलली.

श्श्श. मागचा उजवा.

बोट वर झालं आणि तिथेच थांबलं. आवाज येतोय हे त्याला कळत होतं. भुवया सांगत होत्या. कुठून, ते नाही. त्याच्या तळव्याने ठकीच्या डोक्यावर किंचित दाब दिला, जणू विचारलं. ठकी झोपेत कुरकुरली आणि गप्प झाली. बोट थोडं डावीकडे गेलं, परत मधे आलं. मिटल्या डोळ्यांनी तो वाट बघत राहिला.

तिला आवाज बंद करता आला असता. रिमोट हातात होता. आता पुरे, असं म्हणता आलं असतं. कागद मी वाचलाय, असंही.

ती स्टुलावरून उठली, पाय न वाजवता त्याच्यापाशी गेली, वाकली. एक बोट ठकीच्या हनुवटीखाली घालून तिने ते झोपलेलं डोकं त्याच्या तळव्याखाली अलगद उजवीकडे, मागे वळवलं.

"मागचा उजवा," तो म्हणाला. बोट बरोबर तिकडे गेलं होतं.

"बरोबर."

त्याने डोळे उघडले. समोरचं स्टूल रिकामं होतं. त्याने खाली पाहिलं; ठकीचं तोंड अर्धवट उघडं, लाळ दंडावर उतरलेली. ही झोप आत्ताची नव्हती. मग त्याने ठकीच्या हनुवटीखालचं तिचं बोट पाहिलं. तिने ते काढलं नाही. मागून उजवीकडून श्श्श चालूच होतं.

त्याने तळवा ठकीच्या डोक्यावर पुन्हा नीट ठेवला.

"आणखी एकदा," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.