जयश्रीच्या आवडीचा घास

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सुंदराबाई गॅलरीत आंबे निवडत बसली होती. सुरतेच्या बमरोलीतल्या त्या दोन खोल्यांपुढच्या चिंचोळ्या गॅलरीत तिनं गवत अंथरून केसर आंब्यांची अढी घातली होती. एकेक आंबा नाकाशी धरायचा, रसाला झालेला डावीकडे, कडक असलेला पुन्हा गवतात. अक्षय्य तृतीयेला खानदेशी माणूस आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या मेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवायचे, गोवरीच्या निखाऱ्यावर त्यांच्या आवडीचा घास टाकायचा, आणि मगच घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं. सुरतेत येऊन सुंदराबाईचे केस पांढरे झाले, नवरा पंडित मिलमधून म्हातारा होऊन घरी बसला, मुलगा गोपाल पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात लागला, तरी हा नेम सुटला नव्हता.

खाण्यापिण्याला हे घर मोठं हौशी. थंडीत गावाकडून बसच्या टपावर हिरवी वांगी यायची, बरोबर ती भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा. वांगी गच्चीवर भाजायला घेतली की शेजारी जिना चढून नुसता वास घ्यायला यायचे. नदीकाठच्या शेकोट्यांवर भाजलेला पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, यायचा, बारडोलीच्या उसाच्या रसात भात शिजायचा, आणि उन्हं तापली की आमरस. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण याच घराकडे बघून कुणी केली असावी. पोटोबा कुणाचा, एवढं मात्र त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

आंबे निवडता निवडता सुंदराबाई थबकली. आतून, स्वयंपाकघरातून, खर्रखर्र आवाज आला. पितळी पातेल्याच्या बुडाला लागलेलं कुणीतरी उलथन्यानं खरवडत होतं.

ती उठून आत गेली. आत कुणी नव्हतं. पातेलं फळीवर पालथं होतं. दाराआडच्या कोपऱ्यात, जिथे तिची सून जयश्री जेवायला बसायची, तिथे बाळाच्या दुधाची बाटली तेवढी उभी होती.

जयश्री थंडीत गेली. बाळंतपणातच गेली, तान्ही लेक मागे ठेवून. तेव्हापासून हा आवाज सुंदराबाईला दिवसाढवळ्या ऐकू यायचा. आरतीची थाळी पुसताना, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालताना, केव्हाही. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पंडितनं भगताकडे नेऊन लिंबू उतरवलं असतं, आणि लिंबानं जाणारी ही गोष्ट नाही हे सुंदराबाईला आतून ठाऊक होतं.

पंडित घागर घेऊन जिना चढून आला. घागर भिंतीशी ठेवून म्हणाला, "गोपालनी माय, सकाय जयश्रीनी पहिली घागर. घास तिन्हा आवडीना टाकना पडी. काय आवडे तिले?"

सुंदराबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

सासऱ्याला शेवयांची खीर आवडायची, ती दर साल करते. सासूला लसणाची चटणी. पंडितच्या भावाला, जो रेल्वेखाली गेला, त्याला भज्यांशिवाय जमायचं नाही. मेलेल्यांची आवडनिवड तिला तोंडपाठ होती. आणि चार वर्षं जिनं तिच्या हाताखाली रांधलं, तिला काय आवडायचं?

गोपाल पाळीवरून आला तेव्हा तिनं त्याला विचारलं. गोपाल मोजे काढत होता. "माले काय खबर, माय? ती मनासंगे कधी जेवनीच नही." एवढं बोलून त्यानं चहा मागितला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं असं नाही. पण आपण काय बोललो, हे त्याला कळलं नव्हतं.

सुंदराबाईला कळलं. दिवसभर ती आठवत राहिली. जयश्री भाकरी थापताना आठवे, वांग्याची जळकी साल सोलताना बोटांवर फुंकर घालणारी आठवे, रस गाळताना कोपरापर्यंत पिवळी झालेली आठवे. घास तोंडात घातलेली जयश्री काही आठवेना. आधी पुरुष जेवायचे, मग आलागेला, मग सासू. उरलं तर सून, दाराआड, पाठ करून. भरीत झालं त्या दिवशी हटकून पाहुणे यायचे, आणि सुंदराबाई आतूनच म्हणायची, "पातेलं खरडी ले व माय, बराच लागेल शे." त्यात तिला दुष्टावा वाटला नव्हता. ती स्वतः तशीच जेवत आली होती, तिची सासूही. घरोघरी मातीच्या चुली. खेड्यातून शहरात आलो, चुलीचा गॅस झाला, आणि बाई होती तिथेच, दाराआड.

सातव्या महिन्यात जयश्रीची नखं पांढरी पडली. अंगणवाडीची बाई सांगून गेली, हिला वेळेवर जेवू घाला, अंगात रक्त कमी आहे. सुंदराबाई हसून म्हणाली होती, "आम्ही नाही का काढली पोरं?" मग बाळंतपणात, सरकारी दवाखान्यात, पांढरी चादर लाल झालेली बघून, एक तरुण डॉक्टरीण तिच्यावर ओरडली होती, "इनके शरीर में खून ही नहीं है! घर में खाना नहीं देते थे क्या?" सुंदराबाईनं हात जोडून सांगितलं होतं, "सब खाना यही बनाती थी, बेन." खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. जयश्रीच्या बापाची, कडोदऱ्याच्या बन्सीलालची, थोरली लेक या आखाजीला घागरीत जाऊन बसली, म्हणून तो धाकटीला, रंजनाला घेऊन सणाच्या सकाळीच बमरोलीला आला. रंजना बारावीला होती, सतरा अजून पुरी झाली नव्हती. येण्यामागे दुसरंही कारण होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. जेवणं झाली की पंडित रंजनाच्या ओटीत नारळ घालणार होता. बहिणीच्या जागी बहीण, लेकराला सख्खी मावशीच आई. ही सोयरीक काढली होती खुद्द सुंदराबाईनं. तेराव्याच्या दिवशीच ती बन्सीलालला म्हणाली होती, "घरनी पोर घरमा राही." आता गुडघे उठू देत नव्हते, बाळ रात्रंदिवस रडत होतं, आणि घराला दोन हात हवे होते.

रंजना येताच बाळाला कडेवर घेऊन ओट्याशी उभी राहिली. सुंदराबाई पुरण वाटत होती. तिला विचारायची लाज वाटली, पण निखारे तयार होत आले होते.

"रंजना, तुन्या ताईले खावामा काय आवडे व?"

रंजनानं चमकून पाहिलं. "तुम्हले माहीत नही, मावशी?"

सुंदराबाईनं मान खाली घातली.

"तव्यावरनी पहिली भाकर," रंजना म्हणाली. "गरमागरम. थंडीमा भरीतसंगे, आखाजीले आमरससंगे. आम्हना घरमा ती सगळ्यास्नासंगे भांडीसन पहिली भाकर ले. बापू म्हनेत, थोरली शे, खाऊ द्या." बाळाचं टोपडं सारखं करत हळूच म्हणाली, "फोनवर माले सांगे, आठे सगळं गोडधोड व्हस, पण गरम कसं लागस ते मी भुली गयू."

सुंदराबाईनं परात ओढली. पुरणपोळीच्या दिवशी ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. पंडितनं ती निखाऱ्यावर ठेवली, वर तूप सोडलं, आमरसाचा थेंब टाकला, आणि मोठ्यानं नाव घेतलं, "जयश्री, ले माय, जेव."

भाकरीच्या कडा काळ्या पडल्या आणि धूर उठला. तो धूर खोलीभर फिरून दाराआडच्या कोपऱ्यात साचला. सगळ्यांनी हात जोडले. सुंदराबाईचे हात जुळेनात. जिवंत होती तेव्हा हिला एक गरम भाकरी मिळाली नाही, आणि आता आपण ती जाळून दाखवतो आहोत.

मग पुरुषांची पानं मांडली. पंडित, गोपाल, बन्सीलाल बसले. पोळी, रस, कुरडया, भजी. वाढता वाढता सुंदराबाईचा पदर घामानं भिजला. बन्सीलालनं दोनदा रस घेतला. कुणी कुणाला आग्रह करत होतं, कुणी जयश्रीच्या आठवणीनं डोळे पुसत होतं, आणि जेवत होतं.

तेवढ्यात तो आवाज आला. खर्रखर्र.

सुंदराबाईच्या हातातली वाटी लवंडली. ती वळली. दाराआड, त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पोरगी बसली होती. पुढ्यात रसाचं रिकामं पातेलं, हातात उलथनं. कडेला लागलेला रस ती गोळा करत होती. पाठीवर तशीच एक वेणी.

"जयू!"

पोरीनं मान वळवली. रंजना होती. ओशाळून म्हणाली, "मावशी, मी पातेलं खरडी लेस. तुम्हले जेवाले हाई उरेल राहू द्या."

तिला कुणी सांगितलं नव्हतं तिथे बसायला. बाईच्या जातीला ती जागा सांगावी लागत नाही, डोळ्यांनीच शिकवलेली असते. आजवर हा आवाज भुताचा वाटून सुंदराबाई घाबरायची. आता समोर हाडामांसाची पोर बसलेली बघून तिला त्याहून मोठी भीती वाटली.

बाहेरून पंडितचा आवाज आला, "गोपालनी माय, नारय आन. ओटी भरी लेऊत."

सुंदराबाई बाहेर आली. हात रिकामे होते.

"नारय नही. ही पोर ह्या घरमा येवानी नही."

बन्सीलालचा घास हातातच राहिला. पंडित म्हणाला, "काय बोली राह्यनी तू? तूच त सोयरीक काढी."

"काढी. आते मीच मोडस." ती बन्सीलालकडे वळली. "याहीबुवा, तुम्हनी जयश्री दैवमुये नही मरनी. ती भूकी मरनी, मन्हा हातखाले. तिनं रांधं, आम्ही खादं, तिनं पातेलं खरडं. अंगमा रगत कोठून ई? डॉक्टरनीनी सांगं, मी कोनलेच सांगं नही."

पंडित उसळून उठला. "बाया मांगूनच जेवतस! मन्ही माय मांगून जेवे. तू बी मांगून जेवनी. मरनी का?"

"मी नही मरनू, म्हनीसन ती मरनी," सुंदराबाई म्हणाली. "मी जगनू, म्हनीसन माले वाटनं, ती बी जगी."

बन्सीलाल ताटाकडे बघत बसला. मग रंजनाच दारात येऊन म्हणाली, "बापू, ताईनी फोनवर सांगेल व्हतं. मायले सांगं, तुम्हले बी सांगं. तुम्ही म्हनेत, सासर शे, सवय व्हई जाई."

बन्सीलालनं मान वर केली नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. तो म्हणाला, "मी म्हनेल व्हतं." मग पंडितला हात जोडून म्हणाला, "याही, माफ करा. पोर शिकी. नारय नको."

पंडितनं पायताण चढवलं आणि तो उष्ट्या हातानंच जिना उतरून गेला. गोपाल गोंधळून आईकडे बघत राहिला. "मंग बाळले कोन सांभाळी? रांधी कोन?"

"बाप तू शेस तिन्हा. आनि तुले दोन हात शेतस," सुंदराबाई म्हणाली. "घे तिले. ती रडी राह्यनी."

गोपालनं झोळीतून बाळाला घेतलं. कसं धरायचं ते त्याला नीट येत नव्हतं. घरात जेवण फारसं उरलं नव्हतं. सुंदराबाईनं पुन्हा तवा ठेवला, उरलेल्या पिठाच्या भाकरी केल्या, अढीतले दोन पिकलेले आंबे पिळून रस काढला. पाट दाराआड नव्हे, बाहेरच्या खोलीत मांडले, बन्सीलाल आणि गोपालच्या समोर. एकावर रंजनाला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसली.

रंजना काही ताटाला हात लावेना. ती सुंदराबाईकडे बघत राहिली. सुंदराबाईच्या ध्यानात आलं, आपण जेवल्याशिवाय ही जेवणार नाही. पुरुषांदेखत घास उचलताना हात चोरटा झाल्यासारखा वाटत होता. तरी तिनं भाकरीचा तुकडा मोडला. बोटांना चटका बसला. वाफ निघणारा तो तुकडा रसात बुडवून तिनं तोंडात घातला आणि रडत रडत चावून गिळला. मग रंजनानं पहिला घास घेतला.

थोडं खाऊन झाल्यावर पोरीनं विचारलं, "मावशी, तुम्हले काय आवडस?"

सुंदराबाई विचारात पडली. सासऱ्याची खीर आठवली, नवऱ्याचं भरीत, गोपालचा रसातला भात. बालपणापर्यंत मागे जाऊन तिनं शोधलं. साठी ओलांडलेल्या त्या बाईला स्वतःच्या आवडीचा एक पदार्थ सांगता येईना.

"माहीत नही, माय," ती अखेर म्हणाली. "आते खाई खाई पाहसू."