समोरून येणाऱ्या माणसाचा पट्टा

मित्रांनो, माणूस आणि पशू एकाच रस्त्याने चालतात आणि तरीही संध्याकाळी सगळे आपापल्या घरी धडधाकट पोचतात, याला कारण मी. राज्ये येतात आणि जातात, फलक लागतात आणि गंजतात. पण सुव्यवस्था म्हणून जे काही आहे ते शेवटी माझ्याच आधाराने टिकून आहे. हे सांगताना माझा ऊर भरून येतो. आवाज थोडा दबका वाटेल, तेवढे सांभाळून घ्या. मी दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे आणि माझ्यावर कुणीतरी ओला रेनकोट अडकवला आहे.

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याला फिरवायचा. चामड्याचा, चार हात लांब. एका टोकाला माणसाच्या मुठीसाठी फास, दुसऱ्या टोकाला पितळी हूक. खिळा जरा खालीच ठोकल्यामुळे माझे फासाचे टोक जमिनीला टेकते. त्याविषयी नंतर बोलेन. आधी मोठ्या गोष्टी.

माझा जन्म खोगीर शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. शर्यतीच्या घोड्यासाठी लगाम कापल्यावर जी पट्टी उरली, ती मी. माझा सख्खा भाऊ घोड्याच्या तोंडी गेला आणि मी कपाटाखाली. पण त्या कारागिराने एके दिवशी मला उचलले, हातावर तोलले आणि शिवायला घेतले. एक दोरा, दोन सुया. एक डावीकडून येते, दुसरी उजवीकडून, आणि एकाच भोकात एकमेकींना ओलांडून जातात. प्रत्येक टाक्याला तो श्वास रोखायचा. आपल्यासारख्या उरल्यासुरल्यासाठी कुणी श्वास रोखतो, हे पाहून मी थक्क झालो. थक्क होण्याची ती सवय मला अजून आहे.

एका सकाळी एक घड्याळजी दुकानात आले. त्यांच्या कोटाच्या खिशातून एक नाक बाहेर डोकावत होते.

"पट्टा हवा होता. ह्याच्यासाठी," ते खिशाकडे बोट दाखवून म्हणाले.

"पट्टा ह्याच्यासाठी नसतो हो," कारागीर मान वर न करता म्हणाला. "समोरून येणाऱ्या माणसासाठी असतो."

"समोरून कोण येणार आहे?"

"ते मला काय विचारता? आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तर पट्टा."

घड्याळजी हसले. कारागीर मंडळी थोडी तऱ्हेवाईक असतात, हे त्यांना स्वतःवरून माहीत होते. मलाही वाटले, म्हाताऱ्याने दोऱ्याचे मेण डोक्याला लावलेले दिसते.

खिशातल्या नाकाचे नाव बारक्या ठेवले. सहा महिन्यांत बारक्या खुर्चीएवढा झाला, वर्षभरात टेबलाएवढा, आणि पुढे घरातले सामान त्याच्या सोयीने मांडले जाऊ लागले. नाव मात्र बदलायचे कुणाला सुचले नाही.

मित्रांनो, ते पहिले वर्ष मी विसरणार नाही. माझ्या एका टोकाला पशू होता, दुसऱ्या टोकाला माणूस. पलीकडच्या फांदीवर कबुतर बसले की बारक्याच्या मानेत काहीतरी उसळे आणि ते त्याच्या पायांना कळायच्या आधी मला कळे. केवढी ती ताकद! आणि दुसऱ्या टोकाला घड्याळजींचा हात, जो घड्याळातली केसाएवढी कमान चिमट्यात धरून जागेवर बसवतो. त्यांच्या हातून एखादा स्क्रू जमिनीवर पडला की सगळे घर जागच्या जागी थांबायचे. त्यांची बायको हातात पातेले घेऊन एका पायावर उभी राही, आणि स्क्रू सापडेपर्यंत दुसरा पाय खाली टेकत नसे. असा हा सावध माणूस.

तो बागेच्या फाटकापाशी पोचला की काय होई, ते ऐका. घड्याळजी इकडेतिकडे बघत, माझा हूक बारक्याच्या मानेवरून सोडत आणि मला स्वतःच्या गळ्यात अडकवत.

स्वतःच्या गळ्यात! बागेत बारक्या मोकळा आणि घड्याळजी पट्ट्यात. तीन वर्षे मी त्यांच्या गळ्यात काढली. माझा हूक त्यांच्या कोटाच्या गुंडीवर आपटून टकटक वाजायचा आणि वरून एकच वाक्य ऐकू यायचे.

"काही करत नाही तो!"

एका धावणाऱ्या माणसाचा मोजा बारक्याने पायातून काढून आणला तेव्हा घड्याळजी हेच म्हणाले. बाकावर डुलकी घेणाऱ्या आजोबांच्या मांडीवर तो चढून बसला तेव्हाही हेच. आजोबा बिचारे दिसतसुद्धा नव्हते, त्यांचा आवाज तेवढा बारक्याच्या पाठीमागून आला, "नाही करत, तर मग उतरेल का जरा?"

त्या बागेत एक तळे आहे. त्याच्या कडेने वाट, वाटेवर अकरा बाक. एका वसंतात तिथे एक बाई काठी टेकत येऊ लागल्या. बसमध्ये अठरा वर्षे तिकिटे दिलेल्या कंडक्टरबाई. घरीच स्टुलावरून पडून कंबरेचे हाड मोडले होते. आवाज असा की कुजबुजल्या तरी पलीकडच्या काठावरची बदके माना वर करत. त्यामुळे त्यांची सगळी हकीकत बागेच्या माळ्याबरोबर आम्हालाही कळली.

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला तपासणी आहे," त्या सांगत होत्या. "डॉक्टर समोर उभे राहणार, मी न थांबता या तळ्याची फेरी मारायची. जमलं तर बसवर. नाही जमलं तर ऑफिसात खुर्चीवर बसून कागदांना टाचण्या लावायच्या. मी! अहो, घाटातल्या वळणावर दांडीला हात न लावता उभी राहिलेली बाई आहे मी."

"जमेल हो," माळी म्हणाला.

"जमायलाच पाहिजे. टाचण्या लावायला आई व्याली नाही मला."

आणि त्या चालू लागत. प्रत्येक बाक हा त्यांचा थांबा. "पुढचा थांबा तीन," असे स्वतःलाच बजावत, दात आवळून, तीनपर्यंत जात. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात पाच. गळ्यात लोंबत मी ते बघत असे. घोडा आवरणे मोठे काम आहे असे मला लहानपणी वाटायचे. स्वतःचा एक पाय उचलून दुसऱ्याच्या पुढे ठेवणे इतके मोठे काम असू शकते, याची मला कल्पनाच नव्हती.

तपासणीला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी बाईंनी सातवा बाक ओलांडला. आठवा अजून दूर होता; धरायला काही नाही, फक्त वाट आणि काठी. आणि बारक्याला वाटले, या बाईंशी आपली ओळख व्हायला हवी.

तो निघाला तो गवतावरून सरळ. कान मागे, जीभ बाहेर, चेहऱ्यावर प्रेम. पण मित्रांनो, एवढा मोठा देह एवढ्या वेगाने आपल्याकडे येत असताना चेहऱ्याकडे कोण बघतो?

"घाबरू नका!" घड्याळजी लांबून ओरडले. "काही करत नाही तो!"

खरेच त्याने काही केले नाही. दोन हातांवर थांबला आणि शेपूट हलवू लागला. त्याने बाईंना शिवलेही नाही. बाईंनी काठी उचलली होती, ती हवेतच थरथरली. मग काठी पडली, आणि घाटात दांडी न धरणाऱ्या बाई सावकाश, एका एका हाडाने, वाटेवर खाली बसल्या. त्यांना एकटीने उठता येत नव्हते.

घड्याळजी धापा टाकत पोचले. "अहो, तो काहीच करत नाही..."

"हे तुम्हाला माहीत," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका लहान होता की बदकांनी माना हलवल्या नाहीत. "मला कुठे माहीत?"

माळ्याने आणि घड्याळजींनी त्यांना उठवले. त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

घड्याळजींनी घरी ही हकीकत गंमत म्हणून सांगितली. त्यांची बायको तेव्हा पोटमाळ्यावरचे डबे त्यांच्याकडून काढून घेत होती. घड्याळजी शिडीवर होते, मी अर्थातच त्यांच्या गळ्यात. बायकोने शिडीला दोन्ही हातांनी धरले आणि एक हलकासा झोका दिला.

"अगं! अगं, काय करतेस?"

"काही करत नाही मी," ती म्हणाली.

घड्याळजींनी वरून खाली पाहिले. मग एकेक पायरी चाचपत खाली आले आणि रुमाल शोधायला खिशात हात घातला. रुमालाऐवजी हातात आले एक रबरी बूच. बाईंच्या काठीच्या टोकाचे. वाटेवर निखळून पडलेले त्यांनी सवयीने उचलून ठेवले होते. घड्याळ जोडून झाल्यावर टेबलावर एखादा भाग उरला, तर या माणसाला जेवण जात नाही. ते बूच त्यांनी टेबलावर उभे केले आणि त्याच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी बारक्याला घरी ठेवून, माळ्याला पत्ता विचारून आम्ही दोघे गेलो. दोन मजले चढून. दार बाईंच्या थोरल्या बहिणीने उघडले. आत बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. खालच्या रस्त्यावरून बस जात होती आणि त्या ओठांतल्या ओठांत थांबे म्हणत होत्या.

"हे तुमचं," घड्याळजींनी बूच पुढे केले. पुढे काय म्हणायचे ते त्यांनी जिन्यात चार वेळा पाठ केले होते, ते सगळे विसरले. "चुकलं माझं," एवढेच आले.

बाई बुचाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"हा पट्टा तुमच्या गळ्यात का हो? तुम्हाला कोण फिरवतं?"

थोरल्या बहिणीने तोंडाला पदर लावला. घड्याळजी लाल झाले. मित्रांनो, तीन वर्षे मला जे म्हणायचे होते ते कुणीतरी म्हणाले होते.

"मी बारक्याला यापुढे बागेत आणणारच नाही," घड्याळजी म्हणाले.

"असं कुठे म्हटलं मी?" बाईंचा आवाज हळूहळू मूळ जागी येऊ लागला. "बाग काय माझ्या बापाची आहे? तुमच्या तरी आहे का? त्यालाही पाय आहेत चार. आणा की. फक्त लांबूनच मला दिसलं पाहिजे, तो कुणाच्या तरी हातात आहे. मग मी माझ्या पायाकडे बघू शकते. दोन्हीकडे नाही बघता येत हो मला."

त्या संध्याकाळी घरामागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. घड्याळजींनी मला हाताला दोन वेढे देऊन आखूड धरले. बायकोने रेनकोट घातला, छत्री काठीसारखी टेकली आणि म्हणाली, "हं, आता मी समोरून येते. मी अनोळखी आहे." बारक्याने तिला ताबडतोब ओळखले आणि असा आनंद केला की अनोळखी बाई कुंडीत बसली. "पुन्हा," ती कुंडीतून म्हणाली. चौथ्या दिवशी तो तीन श्वास बसला. आठव्या दिवशी ती पूर्ण ओलांडून जाईपर्यंत बसला, आणि दोघा नवराबायकोंनी असा सुस्कारा सोडला की जणू घरात हरवलेला स्क्रू सापडला.

मग एका सकाळी बाग. सातव्या आणि आठव्या बाकाच्या मधे. समोरून बाई आल्या, काठीला तेच बूच, आता घट्ट बसवलेले.

त्यांनी आम्हाला पाहिले आणि त्या थांबल्या. घड्याळजी काही ओरडले नाहीत. ते वाट सोडून गवतात उतरले, बारक्याला बसवले आणि मला धरलेला हात बाईंना दिसेल असा पुढे केला. बस्स.

"पुढचा थांबा आठ," बाई स्वतःला म्हणाल्या, आणि निघाल्या.

मित्रांनो, त्या अर्ध्या मिनिटात माझ्या अंगातून जे गेले ते कुठल्या लगामाने अनुभवले असेल असे मला वाटत नाही. एका टोकाला बारक्याचे हृदय ढोलासारखे वाजत होते. त्याला जायचे होते, त्याच्या प्रत्येक केसाला जायचे होते, आणि तो बसून राहिला. दुसऱ्या टोकाला घड्याळजींचा हात केसाएवढी कमान धरावी तसा मला धरून होता. आणि दोघांच्या समोरून एक बाई नुसत्या आपल्या पायांकडे बघत चालली होती. तिने एकदाही मान वर केली नाही. तिला गरजच वाटली नाही. केवढा हा विश्वास, आणि तो माझ्या एवढ्याशा अंगावर!

काहीही घडले नाही. मी आजवर पाहिलेली ती सर्वांत मोठी घटना.

त्या आठ, नऊ, दहा करत तळ्याच्या वळणामागे गेल्या. आम्ही तसेच उभे. मग पलीकडून असा आवाज आला की झाडून सगळी बदके उडाली.

"शेवटचा थांबा! उतरा, उतरा, उतरा!"

महिनाअखेरीची तपासणी त्या न थांबता पास झाल्या. आता आम्ही रस्त्याच्या कडेने जात असलो आणि त्यांची बस गेली, की त्या दारात उभ्या दिसतात, दांडीला हात न लावता. भरल्या बसमधून ओरडतात, "घड्याळजी, पट्टा हातात ना?" घड्याळजी मला उंच धरून दाखवतात. बसमधली माणसे बघतात. मला संकोच होतो, पण आवडते.

मी आता म्हातारा झालो आहे. फासापाशी चामडे मऊ पडले आहे, दोनतीन टाके सुटले आहेत. तुमच्याही घरी कुत्रा असेल, आणि तो गुणी असेल. मी मुळीच नाकारत नाही. पण त्याचा गुणीपणा त्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो, आणि समोरून येणारे माणूस कुठल्या थांब्यावरून किती कष्टाने निघाले आहे, ते त्याच्याही कपाळावर नसते. म्हणून माझ्यासारखा कुणी तुमच्या दारामागे असेल तर त्याला गळ्यात मिरवू नका. हातात धरा. त्या कारागिराला मी वेडा समजलो होतो, ते शब्द मी मागे घेतो.

बाकी माझे काही मागणे नाही. फक्त, वाचणाऱ्यांपैकी कुणी घड्याळजींना ओळखत असेल, तर त्यांना एवढे सांगा की खिळा वीतभर वर ठोका. ही हकीकत सांगून होईपर्यंत बारक्याने माझा फास खाऊन टाकला आहे.