मी, काट्यांमागची चिप

मी बोलतेय ती गाडीच्या मीटरमधून. काट्यांच्या मागे बसलेली नखाएवढी, काळीकुळकुळीत चिप. मला कुणी पाहत नाही, पण काटा हलला की समजा, मी कामाला लागलेय.

धुळीचा कणही शिरू नये अशा कारखान्यात माझा जन्म झाला. गाडी किती धावली आणि तिची किल्ली कोणती, हे लक्षात ठेवणं माझ्या गळ्यात पडलं. ओळखीची किल्ली नसेल तर मी इंजिन सुरूच होऊ देत नाही. याबाबतीत मी खडूसच आहे.

आमच्या व्हॅनला मागे उतरती फळी बसवलीय. मालकांच्या वडिलांची चाकांची खुर्ची तिच्यावरून चढते. बाबांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं आणि साध्या गाडीत त्यांना बसवताच येत नाही.

आज सकाळी बॅटरी उतरली. मालकांच्या मेव्हण्याने मोठ्या तोऱ्यात दुसऱ्या गाडीवरून वायरी जोडल्या, त्याही उलट! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मीटर काळं, किल्ली अनोळखी, गाडी ठप्प.

"घाबरू नका दाजी, अशाच दुसऱ्या गाडीच्या चिपमधली सगळी माहिती, तिची फाइल, आहे माझ्याकडे. या चिपमध्ये टाकली की झालं," मेव्हणा म्हणाला.

मालकांनी मात्र मीटर काढून टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दोघे गाड्यांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या ताईंच्या दुकानात आले.

"दुसरी फाइल टाकली तर किल्लीची ओळख पुसली जाईल," ताई म्हणाल्या. "मग मी तरी कुठून आणू? आधी चिपच्या आतलं वाचून घेऊ."

"ताई, चारला बाबांना डायलिसिसला पोचवायचंय हो."

"दादा, तुम्ही सारखं घड्याळ बघताय आणि घाई माझ्या हाताला होतेय. जरा बाहेर बसा पाहू."

त्यांनी मला भिंगाखाली धरलं आणि माझ्या पायांना केसासारख्या वायरी जोडल्या. मला तीनदा वाचायचं आणि तिन्ही वेळा अक्षरन्अक्षर जुळलं तरच पुढे जायचं, ही त्यांची रीत. तिन्ही वेळा वेगळंच आलं.

"गेली चिप!" मेव्हण्याने निकाल लावला.

"थांबा हो. माझीच वायर चुकत असेल."

आजवर माझ्यावर खापर फोडणारे पुष्कळ भेटले. स्वतःवर आधी संशय घेणारं हे पहिलंच माणूस. मला त्या बाई फार आवडल्या, सरळच सांगते.

लांब वायरींमुळे वाचताना गडबड होते, म्हणून त्यांनी वीतभर वायरी कापून बोटभर केल्या. मायनसची वायर अगदी माझ्या शेजारी डाख देऊन जोडली. मग वाचलं, तर तिन्ही वेळा एकसारखं! किल्लीची आठवण शाबूत होती. किलोमीटरचा एक आकडा बिघडला होता आणि मी सुरू होताना तिथेच अडत होते. त्याची नक्कल माझ्याच दुसऱ्या कोपऱ्यात होती. तिच्यावरून ताईंनी तेवढाच आकडा नीट केला, बाकी कशाला बोट लावलं नाही.

मीटर परत बसलं. किल्ली फिरली, मी ओळखलं, इंजिन गुरगुरलं. मालकांनी डोळे पुसले.

चारला पाच मिनिटं असताना आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो. "आज काय झालं होतं रे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा, मेव्हण्याने केली दुरुस्त," मालक घाईघाईत म्हणाले आणि खुर्ची आत ढकलत घेऊन गेले.

मी सगळे दिवे लावून पाहिले, पण दिव्यांना बोलता येत नाही. बाबा बाहेर आले की तुम्ही तरी त्यांना सांगा, गाडी त्या ताईंनी दुरुस्त केली म्हणून.